फुलांवरची तारीख

आजी गेली तेव्हा मी न्यू जर्सीत होतो. तिचं शेवटचं दर्शन व्हिडिओ कॉलवर घेतलं. फोन धरणाऱ्या चुलतभावाचा हात थरथरत होता, त्यामुळे आजीपेक्षा झेंडूच जास्त दिसला. आता येऊन काय करणार, असं सगळे म्हणाले. मी ते मान्य केलं, आणि तेच पुढे टोचत राहिलं.

डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये गेलो होतो. इजिप्तच्या दालनात काचेमागे एक रुंद कंठा दिसला. खऱ्या फुलापानांचा, तीन हजार वर्षांपेक्षा जुना. १९०७ साली ‘व्हॅली ऑफ द किंग्ज’मध्ये पुरलेले मोठे रांजण सापडले, तुतानखामेनच्या अंत्यविधीतलं उरलंसुरलं सामान त्यांत भरलेलं होतं. त्यातच हे कंठे होते. अंत्यविधीच्या जेवणाला आलेल्यांनी ते घातले असावेत, असं हर्बर्ट विन्लॉक या अभ्यासकाचं मत.

पपायरसच्या पट्टीवर ऑलिव्हची पानं, निळी कॉर्नफ्लॉवर, बारकी फळं आणि निळे मणी ओळीने शिवलेले. कडेला कापडाची किनार. सैल गुच्छ नाही. ठरलेला क्रम, ठरलेलं अंतर, फॉर लूप चालावा तसं. तुतानखामेनच्या शवपेटीवरच्या माळेत तर ऑलिव्हचं एक पान सुलटं, एक उलटं लावलंय. म्हणजे एक हिरवं, एक चंदेरी. आजी अबोलीच्या वळेसरात मध्येमध्ये मरवा गुंफायची, ते आठवलं. प्रत्येक वेळी चार फुलं मोजून.

१९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला तुतानखामेनची कबर सापडली. पुढे शवपेट्या उघडल्यावर त्यांवरच्या माळांमधली फुलं आणि फळं कोणत्या ऋतूतली, यावरून पर्सी न्यूबेरी यांनी दफनाचा काळ काढला : मार्चचा मध्य ते एप्रिलअखेर. एवढं सोनं सापडलं, पण महिना सांगितला तो वाळक्या फुलांनी.

परतताना ट्रेनमधूनच आईला फोन लावला. “आजीला कुठली फुलं वाहिली होती गं?”

“हे काय आता मध्येच? झेंडू. बाजारातला.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि शेजारच्या काकूंनी प्राजक्त आणला होता, पहाटे वेचून. ओंजळभर पायाशी ठेवला.”

झेंडू बारा महिने मिळतो. प्राजक्ताचा सडा मात्र पाऊस सरताना पडतो, तोही पहाटे, आणि ऊन चढलं की कोमेजतो.

तोवर मला आजीच्या जाण्याची एकच वेळ माहीत होती, माझ्या घड्याळातली : रात्रीचे साडेअकरा. अंधारी खोली, लॅपटॉपचा उजेड. तिच्या अंगणात तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि प्राजक्त अजून ताजा होता.