राखेवर निजणारा

रिचर्ड बर्टन याने 1870 साली वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले आणि त्याला 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' असे नाव दिले. हा वेताळावर अन्यायच झाला. आपल्या पंचविशीतला वेताळ रक्तासाठी कोणाच्या मानेवर टपलेला नसतो. तो मढ्यात वस्तीला येतो आणि गोष्टी सांगतो. गोव्यात व कोकणात तर तो ग्रामदेव म्हणून पुजला जातो. तरीही बर्टनने जुळवलेली ही सोयरीक आम्हांस एका अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडली.

ते ठिकाण म्हणजे कोहमारा. जुन्या सहा क्रमांकाच्या, आताच्या त्रेपन्न क्रमांकाच्या महामार्गावरचा हा गोंदिया जिल्ह्यातला फाटा. एका अंगाला नवेगावबांधचे जंगल, दुसऱ्या अंगाला नागझिरा. याच नागझिऱ्यात 1993 साली राही बर्वे यांना कुणा मित्राने नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली आणि त्या धास्तीतून पुढे 2018 चा 'तुंबाड' उभा राहिला. आम्ही गेलो तेव्हा धानाची कापणी उरकली होती, गावोगावच्या मंडईत रात्रभर नाटके चालली होती. आमच्या मावसबहिणीच्या घरी मात्र दहावीतल्या भाचीने लॅपटॉपवर 'ट्वायलाइट' लावला होता, आणि तिची आजी शेजारी बसून तो पाहत होती. झाडीपट्टीत नाटक सहकुटुंबच पाहायचे असते; आजींनी तोच न्याय लॅपटॉपला लावला.

स्टेफनी मायर यांच्या कादंबरीमालेतले पहिले पुस्तक 2005 चे, त्यावरचा कॅथरिन हार्डविक यांचा चित्रपट 2008 चा. चार पुस्तकांचे 2012 पर्यंत पाच चित्रपट झाले. यातला एडवर्ड रक्तपिपासू खरा, पण त्याचे कुटुंब केवळ जनावरांच्या रक्तावर राहते आणि थट्टेने स्वतःला शाकाहारी म्हणवते. उन्हात ही मंडळी जळत नाहीत, चमकतात. विजा कडाडू लागल्या की बेसबॉल खेळतात. या साऱ्याची टवाळी करणे सोपे आहे, आणि साहित्याच्या अध्यापकांनी ती पुरेशी केलेली आहे. आम्हांस मात्र त्यातला संयम मनापासून आवडला. ज्याच्यावर जीव जडला त्याच्या जवळ जाण्याचेच भय वाटणे, ही सोळा-सतरा वर्षांच्या वयाची खरी अवस्था आहे आणि चित्रपट ती थिल्लरपणे हाताळत नाही.

एडवर्ड सतरा वर्षांचा आहे, 1918 पासून. शिकागोत इन्फ्लुएन्झाने तो मरणपंथाला लागला असताना कार्लाइल नावाच्या डॉक्टराने त्याला चावून 'वाचवले'. भाचीने हे आजींना समजावून सांगितले. आजी म्हणाल्या, "मेला मने, त रडलं कोन याच्यासाटी?"

भाची हसली. आम्हांस हसता आले नाही. कारण 1918 ची ती साथ, मराठीत जिला मानमोडी म्हटले गेले, आपल्याकडेही आली होती, आणि मध्यप्रांत व वऱ्हाड हा तिच्यात सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी याच प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होता. चित्रपटात ती साथ दोन वाक्यांत आटोपते. नायकाला सुंदर फिकटपणा आणि जुन्या काळची अदब देण्यापुरतीच तिची गरज. मृत्यू नसलेला मृत, असा हा नायक आहे.

सहकुटुंब पाहायचे म्हणून मढे झाकून ठेवावे लागते काय? सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'बाळमित्र' मराठीत आणला, आणि 'वेताळपंचविशी'ही त्यांनीच आणली. दूरदर्शनवरची रामानंद सागरांची मालिका मुलांनी घरच्यांसोबतच पाहिली. या गोष्टींत राजाच्या खांद्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रेत असते, आणि कोणत्याही आजीने ते कधी खाली उतरवून ठेवलेले नाही.

त्या रात्री आम्ही भाचीला 'कथासरित्सागरा'तली मंदारवतीची गोष्ट सांगितली. मंदारवतीचे तिघे प्रेमिक. ती तापाने मरते, हेही एडवर्डसारखेच. एक जण तिच्या अस्थी गंगेला नेतो. दुसरा देशोदेशी भटकतो आणि मेलेल्याला उठवणारा मंत्र घेऊन परततो. तिसरा कुठेच जात नाही, स्मशानात झोपडी बांधून तिच्या राखेवर निजतो. मंत्राने ती उठते. मग ती कोणाची? विक्रम सांगतो, ज्याने जीव दिला तो बाप, ज्याने अस्थी नेल्या तो मुलगा, आणि राखेवर निजला तोच नवरा.

गंमत अशी, की 'ट्वायलाइट' नकळत याच निवाड्याने चालतो. जीव देणारा कार्लाइल तिथे एडवर्डचा बापच होतो. पण राखेवर निजणारा त्या चित्रपटात कोणी नाही, कारण राखच नाही. आजींचा प्रश्न नेमका त्या रिकाम्या जागेवर पडला होता, असे आम्हांस वाटते.

भाचीला विक्रमाचे उत्तर मुळीच पटले नाही. एडवर्ड की जेकब, हे निदान बेलाने स्वतः ठरवले, असे तिचे म्हणणे. मंदारवती जिवंत होऊन समोर उभी आहे, तिघे भांडताहेत, वेताळ राजाला विचारतो आहे, आणि तिला कोणीच विचारत नाही. आम्ही गोष्ट पुन्हा मनात चाळून पाहिली. मुलगी बरोबर होती. आजी तोवर पांघरूण ओढून भिंतीकडे वळल्या होत्या; त्यांनी तिथूनच विचारले, "मंग का मनली ते पोरगी?"