चार बोटं पटाशी

आजोबांची पटाशी माझ्या हाती आली तेव्हा पातं वीतभर होतं. आता चार बोटं उरलंय. बाकीचं पोलाद धार लावता लावता कुरुंदाच्या दगडावर झिजून गेलं. थोडं त्यांच्या हातून, बरंचसं माझ्या.

सावंतवाडीत चितारआळीजवळ आमचं घर. माझ्या लहानपणी चरक दोरीवर चालायचा. लाकडाला दोरीचे वेढे देऊन मी दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढायचो आणि आजोबा कातायचे. दोरीवर लाकूड एकदा अंगाकडे फिरतं, एकदा उलटं. धार चालते ती अंगाकडे येतानाच. उलट फेऱ्याला पटाशी केसभर उचलायची. मी कातायला बसलो तेव्हा आजोबा शेजारी उकिडवे बसून तेवढंच सांगायचे, "परत जाताना हात उचल, नायतर दात पडतले." पुढे मोटर आली, उलटा फेरा संपला, तरी कितीतरी दिवस माझं मनगट आपोआप उचललं जायचं.

लाख चढवणं मला आजही सगळ्यांत आवडतं. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घासण्याच्या उष्णतेनं ती वितळते आणि लाकडाला धरते. वरून केवड्याचं पान दाबायचं. आधी ते करकरतं, लाख सारखी पसरली की आवाज मऊ होतो आणि रंगात खिडकी दिसू लागते.

लोक सावंतवाडी ओळखतात ती लाकडी फळांसाठी. 2024 मध्ये इथल्या लाकडी कामाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आळीत पेढे वाटले. मी मात्र रमलो चौरंगात. पाय फणसाचे. ताजा कापलेला फणस हळदीसारखा पिवळा असतो, वर्षं जातात तसा तांबूस होत जातो.

एक चौरंग मला अजून बोचतो. ऐन श्रावणात, घाईनं, ओलसर लाकडाचे पाय कातून पुण्याला दिला. पुढच्या मे महिन्यात त्या घरी मुंज होती. बटूला बसवताना चौरंग डगमगला. आमच्या पावसाळी हवेत घट्ट बसलेली कुसवं घाटावरच्या उन्हाळ्यात आटली होती. लाकूड सगळीकडून सारखं आटत नाही, म्हणून गोल कुसू लंबगोल झालं होतं. त्या मंडळींनी एका शब्दानं दुखवलं नाही, उलट पोराला लागलं नाही एवढंच सांगितलं. मी चारही पाय नव्यानं करून दिले. तेव्हापासून पायांचं लाकूड माळ्यावर वर्षभर सुकल्याशिवाय चरकावर चढत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

आखूड पटाशी मोठ्या कामाला आता पेलत नाही. पायावरची तीन कडी तेवढी तिनंच काढतो; तिच्याइतकी स्वच्छ कड दुसऱ्या कुठल्याच पटाशीनं मला साधत नाही. गेल्या महिन्यात तिची मूठ फुटली. मी दुकानातून आणणार होतो, पण लेकीनं न विचारता फणसाचा तुकडा चरकाला लावला आणि माझ्या पंजाच्या मापानं मूठ कातून दिली. अजून पिवळीधमक आहे.