तिच्या हाताची मूठ

माझं घर सचिनला आहे असं सांगितलं की कॉलेजात हमखास कोणीतरी हवेत बॅट फिरवून दाखवतं. तर सांगून टाकते. सचिन हे सुरतच्या दक्षिणेला, भेस्तान आणि मरोलीच्या मधलं रेल्वे स्टेशन आहे. तिथे एकेकाळी नवाब होते, तेही आपल्या जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातले. संस्थान झालं 1791 साली. आता ओळख फक्त जीआयडीसीची. पप्पा तिथल्याच एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात आहेत. आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जातो तेवढाच आता गावाशी संबंध.

मागच्या वर्षी या घरात पिस्तूल आलं.

एअर पिस्तूल. धाकटी बहीण सतरा वर्षांची आहे आणि 10 मीटर प्रकारात नेमबाजी करते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, तेव्हापासूनचं हे वेड. नवं पिस्तूल परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून क्लबमधल्या एका सिनियर मुलाकडून जुनं घेतलं. मम्मीने एकच अट घातली: माउलीच्या फोटोखालच्या कपाटात ते ठेवायचं नाही. आमचं घर दोन खोल्यांचं, त्यामुळे ते गव्हाच्या कोठीवर गेलं.

अडचण पिस्तुलाची नव्हती, मुठीची होती. महागड्या पिस्तुलांना अक्रोडाच्या लाकडाची मूठ असते, हिच्या पिस्तुलाला काळ्या पॉलिमरची, आणि तीही सहा फुटी मुलाच्या पंजाला बेतलेली. बहिणीचा हात माझ्याहून लहान. तिचं बोट ट्रिगरपर्यंत पोचायचं ते फक्त टोकाने, आणि टोकाने दाबलं की नळी डावीकडे ढकलली जाते. कागदावर सगळे छर्रे डावीकडे गोळा. दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर असतो, तिथे केसाएवढी ढकल पुरते. वर मनगट दुखायचं. मापाची मूठ बाहेरून मागवायची तर पिस्तुलाच्या निम्मे पैसे. मे महिन्यात मी सुट्टीला घरी गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, मी सोडतेय."

पप्पा जेवत होते. काही बोलले नाहीत. हात धुऊन आले आणि म्हणाले, "ती मूठ काढून दाखव."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पप्पा आता डिस्पॅचला असतात. मी सातवीत असताना त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट मोल्डमध्ये सापडलं. बोट राहिलं, पण वाकत नाही. त्यानंतर त्यांनी मशीनला हात लावला नव्हता, आणि घरात कोणी त्यांना बादलीचा तुटलेला कान चिकटवायलाही सांगत नसे.

बहिणीने पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा बघितलं, स्क्रू सोडून मूठ वेगळी केली, बाकीचं पेटीत बंद. पप्पांनी मूठ नखाने वाजवली, कडेला कानस मारून बघितली. "ग्लास-फिल्ड नायलॉन," ते म्हणाले. म्हणजे नायलॉनच्या दाण्यात काचेचे बारीक तंतू. याची कोरडी पूड नाकात जाऊ द्यायची नाही. म्हणून मास्क, आणि सगळी घासाई पाण्याखाली, मोरीत.

कुठे घासायचं हे कळायला पप्पांनी तिच्या तळव्याला टाल्कम पावडर फासली आणि मूठ धरायला लावली. काळ्या प्लास्टिकवर पांढरा हात उमटला. जिथे दाट पांढरं तिथे मूठ हाताला ढकलत होती, जिथे काळंच राहिलं तिथे पोकळी. मग डोळे मिटून हात उचलायचा, उघडून बघायचं की माशी आणि खाच सरळ आहेत का. नसतील तर पुन्हा मोरी. मी मराठी वाङ्मय शिकते, काटछाटीवर मला लेक्चरं ऐकायची सवय आहे, पण इथे कंट्रोल झेड नसतं. पप्पा दोन मिनिटं कानस मारायचे आणि दहा मिनिटं तिला नुसतं धरायला लावायचे.

पोकळी भरायला एम-सील लावलं. दुसऱ्या दिवशी ते पापुद्र्यासारखं अख्खं सुटून हातात आलं. नायलॉनला सहसा काही धरत नाही, हे ज्या माणसाला वीस वर्षं माहीत आहे तोच ते विसरला होता! पप्पा स्वतःवर इतके चिडले की मला वाटलं, आता संपलं. संध्याकाळी त्यांनी बारीक ड्रिलने आरपार न जाणारी भोकं पाडली, पृष्ठभाग खरवडला आणि पुन्हा भरलं. या वेळी धरलं.

मग खडबडीतपणा. सुरतच्या मे महिन्यात तळहाताला एवढा घाम येतो की गुळगुळीत मूठ साबणासारखी सरकते. उपाय असा की सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने एकेक टिपका दाबत जायचं. पप्पांना हेच सर्वांत जड गेलं. पार्टवर डाग दिसला की रिजेक्ट, यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि आता मुलगी म्हणतेय डाग पाडा. आधी जुन्या तुकड्यावर सराव, पंखा लावून, खिडकी उघडी ठेवून. वाकत नसलेलं बोट आयर्नवर टेकूसारखं सरळ राहायचं. टिपके त्यामुळेच एका ओळीत आले असं त्यांचं म्हणणं. एका जागी मी हट्टाने आयर्न घेतलं आणि जास्त वेळ दाबून खड्डा केला. तो अजून आहे, करंगळीखाली. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात मात्र काही केलं नाही. साठ छर्रे मारताना तिथली कातडी सोलून निघाली असती.

स्पर्धेत पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत बसावं लागतं. आम्ही साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची तशी पेटी केली (सुरतेत पुठ्ठ्याला काय तोटा!). एम-सीलचा फुगवटा दीड मिलिमीटर अडला. पुन्हा मोरी. तळव्याच्या आधाराचा कोन, मनगट मोकळं दिसणं, हेही नियमात बघून घेतलं.

याच दिवसांत मी पप्पांना सांगितलं की ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 साली प्लास्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल घेतलं, आणि ते बनवणारा ग्लॉक त्याआधी पडद्याचे रॉड बनवायचा. पप्पा खूप वेळ हसले. "म्हणजे आपलाच माणूस."

जूनमध्ये मी परत आले. बहिणीची स्पर्धा ऑगस्टमध्ये झाली. ती निवडली गेली नाही, चार गुणांनी राहिली. पण तिने फोटो पाठवला: छर्रे मधोमध नव्हते, पण डावीकडेही नव्हते. मी फोन केला तर पप्पांनी उचलला. गुण सांगितलेच नाहीत.

"पंचाहत्तर मिनिटं धरली तिने. घामात सरकली नाही." मग थोडं थांबून, "करंगळीखाली अजून टोचतंय म्हणते. दिवाळीला येताना चारशे नंबरचा पॉलिश पेपर घेऊन ये."

चारशे नंबर सचिनला कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मी दोन घेऊन ठेवलेत.