मांडवीकाठून खाडीकाठी

तांदळाचा दाणा दाण्यावर उभा कसा राहतो, हे ओतूरला जाऊनही मला कळलेलं नाही. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या गाभाऱ्यात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. त्यात पाणी नाही की पीठ नाही, तरी पिंड ताठ उभी. रांगेत दीड तास ताटकळल्यावर दर्शनाला अर्धं मिनिट मिळतं. त्या अर्ध्या मिनिटात मी हात जोडायचं सोडून तांदूळच बघत बसलो आणि मागच्या बाईंनी मला पुढे ढकललं.

रांगेतच मामांनी विषय काढला होता. "कल्याणला बोट आणून ठेवलीय म्हणं, दुर्गाडीपाशी. टी-ऐंशी. येतो का उद्या?"

मामा मुंबईच्या गोदीत फिटर होते. युद्धाच्या साली, म्हणजे १९७१ ला, विशीत असताना लागले ते निवृत्त होऊनच ओतूरला परतले. ह्या भागातल्या बहुतेक घरांतलं एखादं तरी माणूस मुंबईला असतंच. कुणी भाजीबाजारात, कुणी माथाडीत, कुणी डबे पोचवायला. पण बोटींच्या पोटात शिरून हात काळे करणारा आमच्या घरात हा एकच. त्यामुळे समुद्रापासून इतक्या लांबच्या, कांद्या-टोमॅटोच्या ह्या गावात ओसरीवर बसून आम्ही लहानपणी प्रोपेलरच्या गोष्टी ऐकल्या.

देवळाजवळच तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. तिथं टेकून आम्ही नदीच्या घाटावर बसलो. नदीचं नाव मांडवी. मांडवी म्हटलं की लोकांना गोवा आठवतो, आणि बंदरांवरच्या जुन्या बोलीत मांडवी म्हणजे जकातीचं ठाणं. ओतूरची मांडवी मात्र ह्या दोन्हींशी फटकून वागते. तिचं पाणी कुकडीतून घोडेला, घोडेतून भीमेला आणि कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागराला जातं. गावाचं पाणी पूर्वेला वाहतं, पण माणसं आणि माल दोन हजार वर्षं पश्चिमेला उतरत आलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवरून कल्याणची गाडी धरली. उदापूर, डिंगोरे, मढ. खिडकीतून एका बाजूला पिंपळगाव जोग्याचं धरण पसरलेलं, दुसऱ्या बाजूला ऊस. उसात बिबट्या असतो, हे इथं कुणी नवलानं सांगत नाही, "दुधाची गाडी साडेपाचला येते" ह्या सुरात सांगतात. खुबी फाट्यानंतर धुकं आलं आणि गाडीत दिवे लागले. माळशेज घाटात धबधबे डोंगरावरून सरळ रस्त्यावर कोसळतात. बसच्या टपावर पाण्याचा मारा झाला की आतली पोरं ओरडतात आणि चालक सराईतपणे वायपर लावतो.

इथंच पाणी वाट बदलतं. घाटमाथ्याच्या ह्या बाजूला पडलेला थेंब काळू नदीत उतरतो, काळू टिटवाळ्याकडून उल्हासला मिळते आणि उल्हास दुर्गाडीखालून खाडीला. म्हणजे आम्ही आणि पाऊस एकाच ठिकाणी निघालो होतो. मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "पाऊस फुकट जातो, आपल्याला तिकीट पडलं."

घाट उतरल्यावर वैशाखऱ्याजवळ डाव्या हाताला नाणेघाटाचा सुळका, नानाचा अंगठा, ढगातून वर आला. माळशेजचा रस्ता अलीकडचा. जुन्नरचा खरा दरवाजा नाणेघाटच. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ किती केले, गायी किती दिल्या, घोडे किती, कार्षापण किती, असा सगळा हिशेब त्यात आहे. त्यातले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी आहेत. बाहेर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये यवनांची, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांची, नावं कोरलेली आहेत. इरिल, चिट, चंद. हे लोक कल्याण-सोपाऱ्याला जहाजातून उतरून ह्याच चढणीनं धापा टाकत वर आले असणार.

पहिल्या शतकात कुणा ग्रीक खलाशानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या पुस्तकात कल्याण बंदराची एक तक्रार आहे. एके काळी हे रीतसर बंदर होतं, पण पुढे सत्ता बदलली आणि इथं आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात घालून भडोचला नेली जाऊ लागली. मला ही ओळ फार आवडते. लेखक चिडलेला दिसतो. माल भरलेलं भलंमोठं जहाज आणि त्याला घेरून नेणाऱ्या सरकारी नावा, हे चित्र डोळ्यासमोर येतं. किनाऱ्यावरच्या गस्तीची कल्याणजवळची ही फार जुनी नोंद, तीही पकडल्या गेलेल्यांच्या बाजूची. त्याच पुस्तकात भडोचच्या राजाच्या चाकरीतले कोळीही आहेत. ते भरपूर माणसं घातलेल्या नावा घेऊन समुद्रात पुढे येत आणि परक्या जहाजांना दोर लावून, वाळूचे दांडे चुकवत, खाडीत ओढून नेत. त्या दोराकडे पुन्हा येईन.

टोकावडे, सरळगाव, मुरबाड. बस भरत गेली, खिडक्या बंद झाल्या, घाटातला गारवा संपला.

१६५७ साल ह्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकदमच लागू होतं. एप्रिलच्या अखेरीस शिवाजी महाराजांनी रात्री मोगलांच्या जुन्नर पेठेवर छापा घातला. दोनशे घोडे आणि तीन लाख होन हाती लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीकाठी दुर्गाडी किल्ला उभा राहू लागला. लागूनच लढाऊ नावा बांधायला सुरुवात झाली. घाटावर जन्मलेला माणूस खाडीपर्यंत पोचला आणि पोचल्याबरोबर त्यानं सुतार बोलावले, ह्यात मला सर्वांत मोठं धाडस दिसतं. अफजलखानाची भेट अजून दोन वर्षं लांब होती.

सुतारकामावर देखरेखीला रुई लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज होता आणि त्याच्या हाताखाली साडेतीनशेच्या आसपास माणसं. नावा सिद्दीविरुद्ध आहेत, असं त्यांना सांगितलेलं. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना मात्र वेगळाच वास आला. हे आरमार एकदा पाण्यात उतरलं की उद्या आपल्याच दारात येईल. त्यांनी आपली माणसं फितवली आणि ती काम टाकून गुपचूप निघून गेली. मामांनी हे ऐकलं आणि गोदीतल्या माणसासारखं विचारलं, "मग राह्यलेलं काम कुणी पुरं केलं?" इथल्याच लोकांनी. पुढची वीस वर्षं ह्या किनाऱ्यावरचे कोळी, भंडारी, सुतार हेच आरमार होतं.

त्या आरमारातली बिनीची नाव म्हणजे गलबत. अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्म ह्या इंग्रज इतिहासकारानं तिचं वर्णन करून ठेवलंय. मोठ्यातलं मोठं गलबत सत्तर टनांच्या वर क्वचित जाई. चाळीस-पन्नास वल्ही, वारा नसला तरी तासाला चार मैल. वजन वाढू नये म्हणून काही गलबतांवर फळ्यांऐवजी फोडलेल्या बांबूंची तक्तपोशी. त्यावर फक्त लहान फिरत्या तोफा. मोठ्या तोफा गुराबेवर, ती दीडशे ते तीनशे टनांची. वारा पडला की गलबतं दोर लावून गुराबेला ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत, कारण जहाजाच्या मागच्या अंगाला तोफा कमी. गुराब त्याच्या डोलकाठ्या आणि दोर फोडी. एकदा ते लंगडं झालं की सगळ्या बाजूंनी गलबतं भिडत आणि तलवारी घेतलेली माणसं वर चढत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातला सल्ला बेताचा आणि व्यवहारी आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत. वाऱ्याशिवाय हलत नाहीत अशी अवजड जहाजं बांधूच नका. रयतेचे आंबे-फणस नावांसाठी तोडू नका, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. ज्यांच्या खजिन्यात मोठ्या जहाजांचा पैसा नव्हता त्यांनी ही तत्त्वाची भाषा केली, असं कुणी म्हणेल. थोडं खरंही असेल. पण मला त्यात घाटावरचा मावळा दिसतो. खिंड ओळखीची असावी, अंगावर ओझं नसावं, मार देऊन परत फिरायला गड जवळ असावा. डोंगराच्या जागी खाडी घातली की तीच गोष्ट.

१६७९ ला मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेटावर महाराजांचे मायनाक भंडारी तट बांधायला लागले तेव्हा इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वाट अडवली. मराठी नावा रात्री नागावच्या खाडीतून निघत, उथळ पाण्यातून बेटावर दगड आणि दाणागोटा टाकत आणि उजाडायच्या आत परत जात. मोठ्या जहाजांना तिथं पाठलागच करता येईना. ऑक्टोबरात मराठी आरमाराच्या दौलतखानाची गलबतं उघडपणे चालून आली. इंग्रजांची डव्ह नावाची गुराब त्यांनी पकडली. इंग्रजांची रिव्हेंज मात्र एकटीच पाय रोवून राहिली आणि तिच्या तोफांपुढे गलबतांना मागे फिरावं लागलं. लहान नावेची हीसुद्धा बाजू आहे, ती झाकून उपयोग नाही. तोफ मोठी आणि समोरचा डळमळला नाही, तर बांबूची तक्तपोशी काय करणार? तरी खांदेरीचा तट झालाच. १६८० मध्ये इंग्रजांनी नाद सोडला आणि तह केला.

कल्याणला उतरून रिक्षानं दुर्गाडीला गेलो. पावसाची बुरबुर चालू होती. खाडीकाठी, किल्ल्याच्या बाजूला करड्या रंगाची ती बोट होती. पाण्याबाहेर काढलेली नाव उघडी पडल्यासारखी वाटते.

टी-८० ही इस्राएलच्या रामता कंपनीच्या आराखड्याची, उथळ पाण्यातल्या वेगवान हल्ल्यासाठी बांधलेली बोट. जून १९९८ मध्ये नौदलात दाखल, सप्टेंबर २०२१ मध्ये निवृत्त. लांबी पंचवीस मीटरच्या आसपास, म्हणजे दोन एसट्या एकापुढे एक लावल्या तर त्याहून थोडी जास्त. वेग चाळीस नॉटच्या वर, तासाला पाऊणशे किलोमीटर धरा. आमची बस घाटात त्याच्या निम्म्यानंही चालली नव्हती. पुढे तोफ म्हणावी अशी एकच लहानशी.

मामा सरळ बोटीच्या मागच्या अंगाला गेले. "बघ, पंखा पोटाखाली नाय. दांडा पाठीमागनं बाहेर काढलाय. पोटाखाली पंखा आसला का वाळूत घासतो. ही कमी पाण्यात पळणार." छत्री मला धरायला देऊन त्यांनी दोन्ही तळवे पुढं केले आणि एक तळवा अर्धा पाण्यात, अर्धा वर फिरतो तसा फिरवून दाखवला. शेजारी सेल्फी काढणारी दोन पोरं थांबून ऐकायला लागली.

मग ते एकाहत्तरवर आले, येणारच होते. रशियाकडून घेतलेल्या आठ मिसाइल बोटी त्या वर्षी जहाजांच्या डेकवर लादून आल्या. तेवढं वजन उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती, म्हणून कलकत्त्याला उतरवल्या आणि अख्ख्या किनाऱ्याला वळसा घालून ओढत मुंबईला आणल्या. बंदराच्या राखणीसाठी बनवलेल्या त्या बोटी. पोटात डिझेल थोडं, पल्ला तोकडा. पण दोर लावून इतक्या लांब आणता येतात, तर दोर लावून कराचीच्या जवळ का नेता येणार नाहीत? ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर ह्या तीन बोटींनी कराचीसमोर खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज हे सुरुंग काढणारं जहाज बुडवलं. वाटेत त्यांना मोठ्या जहाजांनी ओढत नेलं होतं. त्या तारखेला नौदल दिन असतो. गलबतांच्या काळी लहान नावा मोठ्या नावेला ओढत होत्या. इथं दोराची दोन टोकं फक्त उलटी झाली.

"मी तवा नवा होतो," मामा म्हणाले. "ब्लॅकआउटमदी काम करायचो. कुठं चालल्यात ते आम्हाला कोण सांगतंय? दोर अडकवायचे हूक चांगले तपासा, येवढंच सांगितलं."

भरती लागली होती. खाडीचं पाणी गढूळ, मातकट, घाटातली लाल माती घेऊन आलेलं. काठावर दोन कोळी होडी उपडी करून तिला डांबर लावत होते. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. त्यातल्या एकानं आमच्याकडं बघून विचारलं, कुठले? मामा म्हणाले, ओतूर. "ओतूर? मग समुद्राचं काय कळतं तुम्हाला?" असं तो हसत म्हणाला. मामांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी होडीच्या बुडावर बोट फिरवलं, एका फळीच्या सांध्याशी थांबले आणि म्हणाले, "हितं भरलं नाय तुमचं. परत लावा."

कोळ्यानं वाकून पाहिलं आणि डांबराचा डबा पुन्हा पुढे ओढला.