बासरचे बोलके पाषाण

डोंगर म्हटला कीं आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढें सह्याद्रि उभा राहतो. काळाकभिन्न कडा, वर बुरूज, खालीं दरी, आणि चढतां चढतां घशास पडलेली कोरड! मराठवाड्याच्या पूर्व टोकास राहणाऱ्या आम्हां लोकांच्या वांट्यास हें ऐश्वर्य आलेलें नाहीं. उमरीच्या आसपास आहेत त्या नुसत्या टेकड्या. परंतु ह्या टेकड्यांपाशीं अशी एक गोष्ट आहे, जी सह्याद्रीपाशीं नाहीं. आणि ती पाहावयास गुडघे धड असण्याचीही फारशी जरुरी नाहीं. साठी उलटलेल्या वाचकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

उमरीस सकाळची गाडी धरून निजामाबादच्या दिशेनें निघालें म्हणजे प्रथम आपल्या ओळखीचेंच सारें दिसतें : कापूस, तूर, हरभरा. करखेली मागें पडते, धर्माबाद येतें. आणि शेतांच्या मध्येंच दगडांच्या राशी दिसूं लागतात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचे थर असतात, तसे हे नव्हेत. हे गोल, करडे, कोठें गुलाबी झांक असलेले, आणि एकावर एक असे बसलेले कीं पाहणारास वाटावें, आतां वारा आला तर पडतील.

माझा एक जुना विद्यार्थी हल्लीं महाविद्यालयांत भूशास्त्र शिकवितो. त्यानें मला जें समजावून सांगितलें तें असें : महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या थरांनीं झांकलेला आहे. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस व आग्नेयीस हें पांघरूण विरत विरत संपतें आणि खालची जुनी शय्या उघडी पडते. ती ग्रॅनाइटची, तिचें वय २५० कोटी वर्षांहून अधिक. आमच्या सबंध सह्याद्रीस ह्या दगडानें ‘बाळ’ म्हणून हांक मारावी, इतकें हें अंतर आहे! आणि हे दगड कोणीं रचलेलेही नाहींत. ग्रॅनाइट पृथ्वीच्या पोटांत खोलवर थिजला. वरचा भार युगानुयुगें झिजून गेला, तेव्हां त्यास उभ्या आडव्या भेगा पडल्या. भेगांतून पाणी मुरलें. पाणी कोपऱ्यास तीन बाजूंनीं भिडतें, म्हणून कोपरे आधीं गेले. खडकांतील कांहीं भागाची माती झाली, ती पावसानें वाहून नेली, आणि मधले गाभे तेवढे जागच्या जागीं राहिले. दगड वर चढला नाहीं. भोंवतालची भूमि खालीं गेली.

आमच्या धाकट्या नातीचा अक्षरारंभ करावयाचा होता, म्हणून मार्गशीर्षांत सारें घर बासरास गेलें. तेथें गोदावरीच्या तीरीं ज्ञानसरस्वतीचें देऊळ आहे. व्यासांनीं नदींतून मूठमूठ वाळू आणून तीन देवींच्या मूर्ति केल्या, अशी तेथील कथा. गांवाचें नांवही व्यासांवरूनच पडलें असें सांगतात. ‘व’चा ‘ब’ होणें भाषेंत नित्याचें आहे, हें खरें. पण गांवाच्या नांवास पुराण चिकटविण्याची लोकांची हौसही तितकीच नित्याची आहे. असो. आज बासर तेलंगणांत आहे. मुधोळचा तो सारा मुलूख १९५६ पर्यंत आमच्याच नांदेड जिल्ह्यांत होता. भाषावार प्रांतरचना झाली आणि तो पलीकडे गेला. दुकानदार अजून आपल्याशीं मराठींत बोलतो, आणि हिशेब मात्र तेलुगूंत करतो.

पाटी गिरवून झाली, प्रसाद झाला, कीं बहुतेक मंडळी परतीच्या गाडीची चौकशी करूं लागतात. तसें करूं नये. देवळाच्या आसपास शिळांमधून हिंडण्यासारखी सोपी चढण आहे. तेथें व्यासांची गुहा दाखवितात. आणि वेदवतीची शिळाही दाखवितात. सीतेचे अलंकार हिच्या पोटांत आहेत असें म्हणतात, आणि निरनिराळ्या ठिकाणीं ठोकलें असतां तिच्यांतून निरनिराळा नाद निघतो. आमच्या घरच्या मंडळींनीं कान लावून ताबडतोब निकाल दिला, “हा तर रिकाम्या पातेल्याचा आवाज!” नात म्हणाली, “आजोबा, आंत कोण आहे?” मीं तिला सांगितलें कीं, देवळांतल्या घंटेवर हात ठेवला म्हणजे ती मुकी होते ना? तसाच जो दगड मातींत रुतला तो मुका, आणि जो दोनचार ठिकाणींच टेकला, अंगांत भेग नाहीं, तो घंटेसारखा वाजतो. आजीनें सांगितलें, आंत सीताबाईचे दागिने आहेत. दोन्ही उत्तरें तिनें शांतपणें ऐकलीं आणि आजीचें पत्करलें.

दगड बोलतो, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत सोम कुटण्याच्या दगडांस, म्हणजे ‘ग्राव्यां’स, उद्देशून एक सबंध सूक्त आहे, त्यांत ऋषि त्या दगडांस बोलते करतात. शाळेंत तें शिकवितांना मी त्यास निव्वळ कविकल्पना म्हणत असें. कर्नाटकांत बळ्ळारीजवळ कुपगल म्हणून टेकडी आहे. तेथील शिळा नवाश्मयुगांतील माणसांनीं ठोकून ठोकून वाजविल्या. त्यांचे खळगे अजून दिसतात.

आतां एक गोष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या भागांत अशाच शिळांची एक लहान टेकडी होती. आंवळीभोजनास मी दरवर्षीं वर्ग घेऊन तेथें जात असें. हल्लीं तेथें एक खड्डा आहे आणि त्यांत हिरवें पाणी. रस्त्यांस गिट्टी लागते हें मलाही कळतें. ज्या रस्त्यानें मी रोज दूध आणावयास जातों, तोही कोणत्या तरी टेकडीचाच झाला असेल. परंतु उघड्यावर मोकळ्या उभ्या असलेल्या शिळांवर सुरुंग आधीं चालतो, कारण वरची माती काढण्याचा खर्च नसतो. म्हणजे पाहण्यासारखें जें, तेंच प्रथम जातें. हैदराबादेस ‘सोसायटी टु सेव्ह रॉक्स’ ही संस्था १९९६ मध्यें निघाली. तिच्या खटपटीनें कांहीं शिळांस सरकारी संरक्षणही मिळालें होतें. आपल्या बाजूस निदान प्रत्येक गांवानें गायरानांतील दोनचार चांगल्या शिळा ग्रामसभेंत ठराव करून राखून ठेवाव्यात. त्यास पैसा लागत नाहीं.

जाणारानें कार्तिक ते माघ ह्या दिवसांत जावें. फाल्गुन लागला कीं ग्रॅनाइट तव्यासारखा तापतो, आणि वर झाडाची सांवली बेताचीच. दशम्या व शेंगदाण्याची चटणी घरून न्यावी, पाणी भरपूर असावें. गाड्यांच्या वेळा बदलतात, त्या स्टेशनावर विचारून घ्याव्या. शिळा वाजवून पाहावयाची तर हलक्या हातानें, लहान खड्यानें वाजवावी. मोठा धोंडा घेऊन तिच्यावर घाव घालणारीं मुलें आम्हीं तेथें पाहिलीं, आणि त्यांचे वडील शेजारीं उभे राहून त्यांस शाबासकी देत होते.