नायगारा राहिला, पकिप्सी झालं

अमेरिकेत शिकायला आलेल्या बहुतेक मराठी मुलांचा नायगाऱ्यापुढचा, निळ्या प्लास्टिकच्या रेनकोटातला एक फोटो असतो. आमचा नाही. म्हणजे पुढे नोकरी लागल्यावर, आईबाबा आले तेव्हा काढला, पण विद्यार्थी असतानाचा नाही. का नाही, ते सांगते.

२०१३चा ऑक्टोबर. आम्ही चौघं फिलाडेल्फियाला, ड्रेक्सेलमध्ये मास्टर्स करत होतो. खरी नावं देत नाही, कारण चौघांतले दोघं आज आपल्या मंडळात आहेत आणि एकाला पुढच्या वर्षी कमिटीवर यायचंय. तेव्हा गावांवरूनच ओळखू: सातारकर, नागपूरकर, माझी रूममेट कोल्हापूरकरीण आणि मी कल्याणची.

दिवाळी ३ नोव्हेंबरला होती. तिच्या आधीचा शनिवार-रविवार मोकळा सापडला आणि शुक्रवारी रात्री खिचडी खाता खाता नायगाऱ्याचं अंदाजपत्रक मांडलं गेलं. गाडीचं भाडं, पेट्रोल, मोटेल, बोटीचं तिकीट. पंचविशीच्या आतला ड्रायव्हर असला तर भाड्याच्या गाडीवर जादा आकार. पंचविशी ओलांडलेला फक्त सातारकर, आणि त्याचं लायसन्स तीन आठवड्यांचं. सगळं धरून माणशी १४० डॉलर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये डॉलर ६८ रुपयांपर्यंत चढला होता, ऑक्टोबरात जरा उतरला तरी प्रत्येक गोष्टीला एकसष्ट-बासष्टने गुणायची सवय हाताला लागलेली. नागपूरकरचं कर्ज रुपयांत होतं आणि फी डॉलरमध्ये. शिवाय कॅम्पसवरची नोकरी अजून मिळालेली नव्हती. तो ताटाकडे बघत म्हणाला, "तुम्ही जाऊन या रे, माझी असाइनमेंट आहे." असाइनमेंट आम्हा सगळ्यांनाच होती. कोल्हापूरकरणीने लॅपटॉप मिटला.

तेव्हा मी म्हटलं, "पोघकीप्सीला जाऊया?"

त्या गावाचं नाव इंग्रजीत लिहिलेलं पाहिलं तर कुणीही तसंच वाचेल. खरा उच्चार 'पकिप्सी'. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीच्या काठी, लोकल गाडीने दोन तासांवर. तिथे काय आहे, असं सातारकरने विचारलं. तिथे आनंदीबाई जोशी आहेत, असं मी सांगितलं.

हे माझ्या डोक्यात घातलं होतं आजीने. आनंदीबाईंचं माहेर कल्याणचं, आणि आजी त्यांच्याबद्दल गल्लीतल्या हुशार मुलीबद्दल बोलावं तसं बोलायची. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' कादंबरी तिने किती वेळा वाचली असेल देव जाणे. मला फिलाडेल्फियाची ॲडमिशन मिळाली तेव्हा घरात सगळे फी आणि हॉस्टेलचं बोलत होते, आजीने एवढंच सांगितलं, "आनंदीबाईचं कॉलेज बघून ये." १८५०मध्ये सुरू झालेलं ते स्त्रियांचं मेडिकल कॉलेज पुढे बदलत बदलत ड्रेक्सेलमध्येच विलीन झालं, हे इथे आल्यावर मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा तिला माझ्या ॲडमिशनपेक्षा जास्त आनंद झाला. आनंदीबाईंचा साडीतला, जपानच्या आणि सीरियाच्या वर्गमैत्रिणींबरोबरचा १८८५चा प्रसिद्ध फोटो आमच्या विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्याची प्रिंट मी तिला पाठवणार होते.

ऑगस्टमध्ये आजी गेली. पहाटे चारला फोन आला. तिकीट सतराशे डॉलरच्या वर दाखवत होतं. बाबा म्हणाले, "येऊ नकोस. तू पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल." मी गेले नाही. दहावा स्काइपवर पाहिला, तोही मध्येच अडकला. हे कोल्हापूरकरणीला माहीत होतं, बाकी दोघांना नाही. त्या रात्री पकिप्सीचं नाव निघालं तेव्हा तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाड्यांचं वेळापत्रक उघडलं.

सकाळची चायनाटाउनची स्वस्त बस चुकली. दोष बसचा नाही, आमच्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा. त्या तळून होईनात. मग ट्रेंटनला गाडी बदलून जाणारी लोकल. बसपेक्षा महाग, पण या चुकीने फायदाच झाला. लिंडन आणि एलिझाबेथ ही स्टेशनं जातात तिथे पश्चिमेला अगदी जवळ रोझेल नावाचं गाव आहे. मिसेस थिओडिशिया कार्पेंटर तिथे राहायच्या. दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना एका मिशनरी मासिकात त्यांनी गोपाळराव जोशींचं पत्र वाचलं: बायकोला शिकायला अमेरिकेला पाठवायचंय, मदत मिळेल का. ओळख ना पाळख, पण त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पत्रं वाढत गेली आणि आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या. १८८३च्या जूनमध्ये अठरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याशिवाय न्यूयॉर्कला उतरली ती मावशींच्या भरवशावर, आणि पहिले काही महिने राहिली रोझेललाच. आम्ही चौघं खिडकीला नाक लावून बसलो. दिसली गोदामं आणि पार्किंग.

शनिवारचं न्यूयॉर्क लवकर आटोपते, कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. एका डॉलरचा पिझ्झा, पायी ब्रुकलिन पूल, आणि स्टेटन आयलंडची फेरी, जिला तिकीट नाही. स्वातंत्र्यदेवी फुकटात दिसते हे शोधून काढणाऱ्या पहिल्या देशी विद्यार्थ्याचा पुतळा खरं तर शेजारी उभारायला हवा. फेरीवर वाऱ्यात उभं राहून नागपूरकरने हिशोब काढला. आनंदीबाई बोटीने आल्या तेव्हा ब्रुकलिन पूल नुकताच, त्याच मे महिन्यात उघडलेला. परत निघाल्या १८८६च्या ऑक्टोबरात, आणि देवीचं अनावरण झालं त्याच महिन्याच्या २८ तारखेला. "म्हणजे बाईंनी पण अर्धवटच पाह्यलं न्यूयॉर्क," तो म्हणाला. पैशांची चिंता लागल्यापासून तो पहिल्यांदाच आपणहून बोलत होता.

रात्री जर्सी सिटीत कोल्हापूरकरणीच्या मावसभावाकडे पथारी. दोन खोल्यांत आधीच सहा जण होते. त्या दादाने आमच्यासाठी पिठलं टाकलं आणि गालिच्यावर जागा करून दिली. सकाळी निघताना कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर फुलांच्या बादल्या दिसल्या. हॅलोविनच्या दिवसांत इथे दारोदार शेवंती असते. अमेरिकन लोक तिला मम्स म्हणतात. पिवळ्या शेवंतीचा गुच्छ मी घेतला. सहा डॉलर.

ग्रँड सेंट्रलवरून पकिप्सीला जाताना डाव्या बाजूला बसा, हा माझा एकमेव प्रवासी सल्ला. रूळ नदीला इतके चिकटून जातात की बोटीत बसल्यासारखं वाटतं. पलीकडे पॅलिसेड्सचे कडे, पुढे डोंगर, आणि ऑक्टोबरअखेरचे ते पिवळे, तांबडे, विटकरी रंग. सातारकरला सह्याद्रीची आठवण आली. त्याला ती सगळीकडेच येते.

स्टेशनपासून दफनभूमी दोनेक मैल. टॅक्सी परवडणारी नव्हती, चालत गेलो. रविवार असल्याने ऑफिस बंद. छापून आणलेला एक फोटो आणि नागपूरकरच्या फोनची शेवटची बॅटरी, एवढ्यावर तासभर शोधाशोध. जागा प्रचंड, जुनी झाडं, उतार, आणि पायाखाली पानांचा खच. शेवटी कोल्हापूरकरणीने हाक मारली.

कार्पेंटर मावशींच्या कुटुंबाच्या जागेत, त्यांच्या माणसांच्या दगडांमध्ये एक दगड. आनंदीबाई जोशी, एम. डी., १८६५ ते १८८७. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं खाली इंग्रजीत कोरलेलं. सातारकरने वाचलं आणि म्हणाला, "इथे पण जात?" कुणी उत्तर दिलं नाही. मला तेव्हा राग आला होता, आज वाटतं तो विचारायलाच हवा असा प्रश्न होता. त्या काळच्या अमेरिकनांना 'उच्चवर्णीय हिंदू स्त्री' याचं भारी अप्रूप होतं. पंडिता रमाबाईंनी १८८७मध्ये इथे प्रसिद्ध केलेलं पुस्तकही त्याच नावाचं आहे. पण दगडावर आणखी काय लिहिता आलं असतं? नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेलं. ११ मार्च १८८६ला पदवी. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरलेली. क्षयाने पोखरलेल्या त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात वारल्या. बावीस पुरी व्हायला महिना बाकी होता. एकही दिवस डॉक्टरकी करता आली नाही.

"आल्बर्ट एडवर्ड म्हणजे आताचं सीपीआर," कोल्हापूरकरीण म्हणाली. "माझा जन्म तिथलाच."

नागपूरकर खाली बसून दगडावरची पानं बाजूला करत होता. मी फुलं ठेवली. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात आनंदीबाई नव्हत्याच, कार्पेंटर मावशी होत्या. त्यांच्या घरातून ती मुलगी आजारी अवस्थेत बोटीवर चढली. ती गेली तेव्हा त्या इथे होत्या, हजारो मैलांवर. कुणी बोलावलं नाही, बोलावलं असतं तरी पोचल्या नसत्या. पुढे गोपाळरावांनी आनंदीबाईंची रक्षा त्यांच्याकडे पाठवली. समुद्रापलीकडून ती पेटी आली तेव्हा त्यांनी काय केलं असेल? टेबलावर ठेवली असेल की मांडीवर? मग तिला आपल्या घरच्या माणसांत जागा दिली.

आमच्या घरी आजीच्या अस्थी नाशिकला नेल्या. बाबांनी विचारलं होतं, "तुझ्यासाठी थोड्या ठेवू का?" मी नको म्हटलं होतं. का नको म्हटलं, हे मला त्या दगडापाशी उभं राहूनही कळेना. रडू मात्र आलं, आणि चांगलं मोठ्याने आलं. सातारकर घाबरला. कोल्हापूरकरणीने दोघांना बाजूला नेऊन काय सांगायचं ते सांगितलं असावं, कारण परत येऊन सातारकरने पिशवीतून पुऱ्यांचा डबा काढला आणि मुकाट्याने माझ्यापुढे धरला. आम्ही तिथेच, जरा बाजूच्या झाडाखाली बसून जेवलो. मी त्यांना आजीबद्दल सांगितलं. ती पत्त्यांत लबाडी करायची, हेसुद्धा.

परतीच्या गाडीआधी दोन तास होते, म्हणून पुलावर गेलो. १८८९चा हा जुना रेल्वेपूल आता पायी चालणाऱ्यांसाठी खुला आहे. सव्वा मैलांहून लांब, नदीपासून दोनशे फुटांवर, आणि फुकट. मधोमध उभं राहून मी घरी फोन लावला. कल्याणला मध्यरात्र उलटून गेली होती. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला. रात्री-अपरात्री फोन वाजला की ते आता तसंच करत.

"सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. बाबा, आनंदीबाईंना भेटून आले."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "थांब, आईला उठवतो."

रात्रीच्या बसमध्ये सातारकरने वहीत हिशोब मांडला. ट्रेन, लोकल, बस, पिझ्झा, कॉफी. माणशी ६८ डॉलर. नायगाऱ्याच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून त्याला फार अभिमान वाटत होता. "आणि फुलांचे सहा," तो म्हणाला, "ते चार जणांत."

फुलांचे धरू नको, मी सांगितलं.