महिन्याचे नऊशे ब्याण्णव

सध्या मी भेटेल त्याला एक आकडा सांगत सुटले आहे: ९९२! शेजारच्या काकूंना सांगितला, शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना सांगितला, किराणा दुकानदारालाही सांगितला. जर्मनीत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याला इतके युरो लागतात, हे त्या देशाचं सरकार स्वतःच आधी सांगून टाकतं. मला याचा पत्ताच नव्हता! आपल्या जालन्यात पोरगी परदेशी शिकायला निघाली म्हटलं की आकडे थेट लाखांत येतात. कुणी पंधरा म्हणतं, कुणी तीस, कुणी चाळीस. त्यात फी किती, भाडं किती, पोटाला किती, याची फोड कुणी करत नाही, आणि माणसं त्या न फोडलेल्या आकड्यालाच घाबरून माघार घेतात.

घनसावंगी तालुक्यात माझ्या ताईची मोसंबीची बाग आहे. तिची लेक आखेनला एमएस करायला निघाली आहे. आम्ही तिघी वही घेऊन बसलो आणि काय काय सापडत गेलं म्हणून सांगू!

पहिलं म्हणजे ते ब्लॉक्ड अकाउंट. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो त्यात आधीच भरावे लागतात; सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा लागू झाला. युरोला शंभर रुपये धरले तर जवळजवळ बारा लाख. ऐकून दाजी गप्पच झाले. एवढा पैसा अडकणार! पण तो अडकत नाहीच. पैसे पोरीचेच, तिच्याच नावावर, आणि तिकडं पोचल्यावर दर महिन्याला ९९२ तिच्या खात्यात येत राहतात. ताईला हे माझ्याआधी उमगलं. बाग गुत्त्यानं दिली की तिच्याकडं पैसा एकदाच येतो आणि पुढच्या बहारापर्यंत तोच पुरवायचा असतो. ती म्हणाली, “अगं, हे तर आपलंच चाललंय. इथं भागाकार मी करते, तिथं बँक करणार.” त्या वाक्यानं घरातली अर्धी धास्ती गेली.

मग मी हट्टाला पेटले. ९९२ च का? हजार का नाहीत? उत्तर सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. जर्मन सरकार आपल्या गरजू विद्यार्थ्यांना ‘बाफ्योग’ नावाची मदत देतं, तिची कमाल रक्कम म्हणजे हे ९९२! आणि तिची फोडसुद्धा ठरलेली आहे: ४७५ रोजच्या जगण्याला, ३८० घरभाड्याला, १३७ आरोग्य आणि शुश्रूषा विम्याला. म्हणजे वहीतले पहिले तीन रकाने आयते मिळाले. आपल्या पोरीसाठी मागितलेला आकडा त्यांनी स्वतःच्या पोरांसाठी धरलेलाच आहे, हे मला फार आवडलं.

अर्थात ३८० हे सगळीकडं पुरत नाहीत. म्युनिकमध्ये तर एवढ्यात खोली मिळणं कठीण. म्हणून शहर निवडतानाच भाडं बघायचं, विद्यापीठाची प्रसिद्धी नंतर, असं माझं ठाम मत झालं आहे. आणखी एक: बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. केवळ राज्य बदललं की वर्षाला ३,००० चा फरक!

पोटाचा रकाना मात्र आम्ही किती रंगून भरला! तिथल्या विद्यार्थी खानावळी, म्हणजे मेन्सा, रोजचा मेनू दरासकट ऑनलाइन टाकतात. विद्यार्थ्याचा दर वेगळा, नोकरदाराचा वेगळा, पाहुण्याचा वेगळा. जालन्यात बसून आम्ही आखेनचं आजचं दुपारचं जेवण वाचलं, शाकाहारी काय आहे ते पाहिलं! रात्रीचं मात्र खोलीवरच. तांदूळ, बटाटे, कांदे, दूध, अंडी साध्या सुपरमार्केटात. मसूर डाळ, छोले, भेंडी, कोथिंबीर तुर्की दुकानात. “मावशी, भेंडी मिळते!” असं भाची ओरडली तेव्हा ताईचे डोळे भरून आले.

प्रवासाचा रकाना तर जवळपास रिकामाच राहिला. आखेनसारख्या अनेक विद्यापीठांच्या सत्रशुल्कातच पास येतो आणि त्यावर देशभरच्या बसमधून नि स्थानिक गाड्यांमधून फिरता येतं. रेडिओ-टीव्हीची वर्गणी महिना १८.३६ युरो, पण ती माणशी नाही, घरटी आहे. तिघी एकत्र राहिल्या तर प्रत्येकीला ६.१२. पाण्याची रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत. अशा बारीकसारीक गोष्टींनी वहीचं पान भरत गेलं आणि मला झोप येईना!

हे सगळं चाललं असताना बाबासाहेब आठवले. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाच्या महिना साडेअकरा पौंडांवर. तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे पावणेदोनशेच्या आतबाहेर. पुढं लंडनला त्यांनी प्रबंध लिहिला तोही रुपयाच्या विनिमयाच्या प्रश्नावर. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ मध्ये पुस्तकरूपानं आलं. आमच्या वहीत तो प्रश्न एका ओळीत उतरला आहे: युरो एक रुपयानं महागला की वर्षाला ११,९०४ रुपये जास्त. म्हणून आम्ही युरो चालू दरापेक्षा पाच रुपये चढा धरूनच हिशोब केला. तुम्हीही तसाच करा.

एक गोष्ट या ९९२ मध्ये मावत नाही, ती म्हणजे पहिला महिना. तिथं चालू खातं उघडेपर्यंत हप्ता सुरू होत नाही, आणि खोलीची अनामत त्याआधी द्यावी लागते. ती कायद्यानं मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. ही रक्कम वेगळी काढून ठेवा. पार्टटाइम कामाचा पैसा पहिल्या वर्षी हिशोबात धरूच नका; वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायला परवानगी आहे, पण परवानगी म्हणजे काम मिळालं असं नव्हे.

अंबड, परतूर, भोकरदन, मंठा, जिथं कुठं एखादं पोर परदेशाचं नाव काढत असेल तिथल्या आईबापांना माझं कळकळीचं सांगणं आहे. लाखांचा आकडा ऐकून उठू नका. समोर बसलेल्या कन्सल्टंटला विचारा: महिन्याचे किती, आणि ते कशाकशाचे?